एका फुलावर दोघी

आमच्या दोघींच्या रॅकेटी एकमेकींना कधी लागल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण सोलापुरात जुनी खेळाडू मंडळी भेटली की अजून चुकचुकतात. "काय जोडी होती हो तुमची! पण ऐन जपानच्या वेळी एका फुलावर दोघी गेलात आणि हात मोडून बसलात." मी आपली मान हलवते. इतकी वर्षं हलवतच आले. आता सत्तरी उलटली, मानही दुखते आणि खोट्याचाही कंटाळा आलाय.

फूल म्हणजे बॅडमिंटनचं शटल. आमच्या वेळी शटल कुणी म्हणतच नसे. सात रस्ता चौकाच्या मागं एक जुनं गोदाम होतं, वर पत्रे, तोच आमचा हॉल. एप्रिलमध्ये आत शिरलं की भट्टीतल्या शेंगदाण्यासारखी गत. त्या कोरड्या हवेत फुलाची पिसं कडकडीत वाळायची आणि चार फटक्यांत मोडायची. म्हणून खेळायच्या आधी स्टोव्हवर किटली ठेवून फुलं वाफेवर धरावी लागत. हे काम तिचं. ती म्हणजे माझी जोडीदारीण. बुटकी, शांत, चिवट बोटांची. मला मेलीला धीर कुठला? मी ताडमाड, मागं उभी राहून हाणणारी. ती पुढं जाळीशी, मांजरासारखी टपलेली.

आमचे सर एका शाळेत ड्रिल शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ हॉलवर असायचे. दुहेरीतला त्यांचा एकच नियम. फूल आलं की एकीनं ओरडायचं, "माझं!" आणि दुसरीनं बाजूला व्हायचं. दोघी गप्प राहिल्या तर हॉलभोवती पळायचं. दोघी एकदम ओरडल्या तर सर बोलायचेच नाहीत, नुसते पाठ फिरवून आतल्या खोलीत जायचे. बाकीच्या पोरींना ती पाठ दर आठवड्याला दिसायची. आम्हाला कधीच दिसली नाही. "तुमचं घरनं ठरवून येता का गं?" सर विचारायचे. काही ठरवायचो नाही. कुणाचं फूल ते दोघींना कळायचं, बस्स.

आमची दोन्ही घरं एका जातीची, दोन्हीकडं गावाला थोडीफार शेती. आम्ही मोहोळचे. वडील, म्हणजे आबा, रेल्वेत फिटर. तिचे लोक सांगोल्याकडचे, बाजारात त्यांचं पेंडीचं दुकान. दोघींना एकेक मोठा भाऊ. पोरींनी खेळावं असं दोन्ही घरांत कुणाच्या मनात नव्हतं, पण आम्ही जिंकायला लागलो, पेपरात नाव यायला लागलं, मग लोक आबांना थांबवून विचारायला लागले. आबांना ते आवडायचं.

पहिल्यांदा परदेशी गेलो ते कोलंबोला. जिंकून आलो. पेपरात दोघींचा फोटो आला, स्कर्टमधला. आबांनी तो कापून फ्रेम केला, पण कमरेखाली कात्री फिरवून. भिंतीवर आम्ही दोघी नुसत्या कमरेइतक्या. तिला फार हसू यायचं. "तुझ्या आबानं आपल्याला लंगडं केलं की गं," म्हणायची.

दुसऱ्यांदा मलेशिया. तिथं आमच्यासमोर जपानच्या दोन पोरी आल्या. शेवटच्या गेमपर्यंत नेलं आम्ही त्यांना, आणि अगदी थोडक्यात हरलो. खेळ संपल्यावर त्या दोघींनी जाळीपाशी येऊन कमरेत वाकून नमस्कार केला. मला तो नमस्कार लागला. ती मात्र त्यांच्याकडं टक लावून बघत होती. विमानात बसल्यावर म्हणाली, "ह्या दोघी मला पुन्यांदा पायजेत. एकदाच. मग मेले तरी चालंल." मीही तेच म्हटलं. त्यानंतर आम्ही जो काही घाम गाळला तो त्या दोन पोरींसाठी. देशासाठीबिशासाठी म्हणतात ते खरं असेल लोकांचं, आमचं तसं नव्हतं.

आणि त्याच उन्हाळ्यात तिला स्थळं यायला लागली.

बार्शीचं एक स्थळ जवळजवळ ठरलंच होतं. पोराचा बाप म्हणाला, "पोरगी चांगली हाय. पण लग्नानंतर ही उड्या मारणार न्हाय." तिच्या वडिलांनी मान डोलावली. ती हॉलवर आली आणि किटलीच्या वाफेवर एकच फूल धरून बसली, ते पार ओलंचिंब होऊन पिसं खाली लोंबेपर्यंत. मी घरी जाऊन आबांसमोर थयथयाट केला. तिचं लग्न म्हणजे माझंही संपलं. एका हातानं टाळी वाजते होय?

आबा दोन दिवस विचार करत होते. मग त्यांच्या डोक्यातून जे निघालं त्यावर ते स्वतःच इतके खूश झाले की सगळ्या गल्लीला चहा पाजला. साटंलोटं! तिला माझ्या दादाला करायची आणि मला तिच्या भावाला द्यायची. लेक देऊन लेक आणायची. एक मांडव, कुणाचा कुणाला हुंडा नाही. पोरी गावातच राहतील, घरं घरातली, खेळायला कोण आडवं येणार? तिचे वडील म्हणाले, "पाव्हणं, डोस्कं लई चालतंय तुमचं." सरांनी पेढे वाटले. आणि आम्ही दोघी? आम्ही हॉलमध्ये एकमेकींचे हात धरून फुगडी घातली. मी तिची नणंदही आणि वहिनीही, ती माझी वहिनीही आणि नणंदही. आता ही जोडी देवालासुद्धा फुटायची नाही, असं वाटलं.

शेजारची एक म्हातारी तेवढी हळद लावताना म्हणाली, "एका दाव्याला दोन गाई बांदल्या बगा. एक वढली की दुसरीला फास." आईनं तिला गप्प केलं. शुभकार्यात अपशकुन नको.

सुरुवात भाकरीपासून झाली. माझी आई तशी मायाळू, पण सून घरात आली आणि बाईच्या अंगात सासूपण संचारलं. रात्रीची उरलेली भाकरी सुनेच्या ताटात. ती बिचारी माहेरी गेल्यावर सहज बोलून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात शिळी भाकरी. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, रागावल्या नव्हत्या की काही नाही. शांतपणे म्हणाल्या, "तितं माज्या लेकीला शिळी, मग हितं तुला ताजी कशी गं वाडू? तूच सांग." तिच्यावर तिकडं पाणी भरायचं आलं की चार दिवसांत इकडं माझ्या डोक्यावर हंडा. आई एक द्यायची, आत्याबाई तेवढंच मोजून परत करायच्या. आणि दोन्ही टोकांना आम्हीच.

पण आम्हीही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हतो. एका पहाटे हॉलवर ती म्हणाली, "शिळी भाकरी सांगितली तर शिळी मिळती. तूप सांगितलं तर?"

झालं! त्या दिवशी तिनं माहेरी जाऊन सांगितलं, सासूनं भाकरीवर तूप घातलं. मी आईला सांगितलं, आत्याबाईंनी दूध दिलं, वर साय घालून. दोन्ही म्हाताऱ्या चपापल्या. आपण व्याह्यांपेक्षा हलक्या ठरतो की काय! आठवड्याभरात दोन्ही घरांत तूप, दूध, बदाम. रोज पहाटे फुलं वाफेवर धरता धरता आम्ही ठरवायचो, आज काय मिळालं म्हणून सांगायचं. एकदा मी नवं लुगडं सांगितलं आणि तिला खरंच मिळालं. हसून हसून पोट दुखायचं. सर म्हणायचे, "पोरींनो, लग्न मानवलं तुम्हाला." त्या तुपावर आम्ही इंग्लंडला जाऊन आलो. थंडीत बोटं वाकत नव्हती तरी दोन मोठ्या जोड्यांना धूळ चारली. परत आलो तर स्टेशनावर बँड.

तिथंच माशी शिंकली. स्टेशनावर फोटो काढणाऱ्यानं दादाला सांगितलं, "तुमी जरा बाजूला व्हा, मॅडमचा फोटो घ्यायचाय." दादा बाजूला झाला, हसतहसतच. पण ते त्याला झोंबलं. तो एका कचेरीत कारकून होता. तिथले लोक विचारायला लागले, "काय साहेब, बायको विमानात अन् तुमी सायकलवर?" माझा दादा लहानपणापासून कुढ्या. आतल्या आत धुमसणार, बोलणार नाही.

आणि मग जपानचं बोलावणं आलं. आमची आई म्हणाली, "जा गं, दोघी जाऊन या." आत्याबाई म्हणाल्या, "तिकडनं परवानगी असली तर हितनं बी हाय." कागदपत्रांसाठी सर आठवडाभर पुण्याला गेले. जाताना आम्हाला म्हणाले, "सराव चुकवू नका. त्या दोघी वाट बघतायत तुमची." आम्हीही त्यांचीच वाट बघत होतो.

सर गेले आणि त्याच दिवशी संध्याकाळी दादा तिला म्हणाला, "जायचं न्हाय."

ती घाबरली नाही, तेच चुकलं. तिला वाटलं, साटंलोटं म्हणजे आपली ढाल. ती हसून म्हणाली, "मी न्हाय गेले तर तुमची बहीण बी जाणार न्हाय. आन् तुमी हितं मला अडवलं तर तिला तितं काय व्हईल, बगा बाबा." मला हे तिनंच सांगितलं. दादानं पुढं होऊन तिचं उजवं मनगट धरलं आणि पिरगाळलं. आवाज शेजारी ऐकू गेला म्हणे.

दुसऱ्या पहाटे ती हॉलवर आली ती हात पदराखाली घेऊन. मनगट सुजून कोहळ्यासारखं झालेलं. डाव्या हातानं स्टोव्ह पेटवायला बघत होती. सवयीनं! मी किंचाळलेच. ती म्हणाली, "गप. पडले म्हणायचं. मोरीत पाय घसरला. तू बी तेच सांग. आत्ता कुणाला कळता कामा नये." तिला स्वतःच्या हाताची फिकीर नव्हती, माझ्या हाताची होती. हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही, मी नुसती दादाला शिव्या घालत होते. डॉक्टरकडं नेलं, प्लास्टर घातलं, मी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं, ती मोरीत पडली. आत्याबाईंनी हळहळून देवापुढं साखर ठेवली.

खोटं आमचं पक्कं होतं. फोडलं दादानंच. चहाच्या टपरीवर चार मित्रांत छाती काढून सांगितलं, "मनगट पिरगाळून वळवली एकदाची." मित्रांतल्या एकाची म्हैस होती. तो पेंड न्यायला सासऱ्यांच्या दुकानात आला आणि त्यानं ते तसंच्या तसं सांगितलं.

त्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी माझ्या केसांना तेल लावलं होतं. दुपारी दुकानातनं सासरे आणि आमचे हे, दोघं अवेळी घरी आले. सासऱ्यांनी ऐकलेलं सांगितलं आणि ओसरीवर जाऊन बसले. आत्याबाई काही वेळ भिंतीला टेकून बसल्या. मग उठल्या, डोळे पुसले आणि ह्यांना म्हणाल्या, "दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप आण."

माझा नवरा. काय सांगू त्या माणसाचं! म्हैस मारकी असली तरी काठी न उगारणारा माणूस. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं, मला 'अगं' सोडून कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती. म्हणाला, "आई, हिचं काय चुकलं?"

"हिचं कायबी न्हाय चुकलं," आत्याबाई म्हणाल्या. "पर आपुन गप बसलो तर तितं माज्या लेकीचा दुसरा हात मोडत्याल. मग पाय. माप आण."

मी पळाले का नाही, असं माझ्या नातीनं मला विचारलं. कुठं पळू? माहेरी? माहेरी तर तो बसला होता, ज्याच्यामुळं हे चाललं होतं. मी आत्याबाईंचे पाय धरले. म्हणाले, "आत्याबाई, डावा मोडा. उजवा नको. पाया पडते, डावा मोडा." त्यांनी मला उठवून जवळ घेतलं. "त्येंनी उजवा मोडलाय, बाळा," म्हणाल्या.

उंबऱ्यावर माझा हात त्यांनी स्वतः धरला. ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, चार घड्या केल्या आणि माझ्या मनगटावर ठेवला. कमी लागावं म्हणून. त्या टॉवेलचा मला आजही राग येतो, मापाच्या कितीतरी जास्त. रडायचं मला होतं, आणि हुंदके हे देत होते. पहिल्या वेळी नीट बसलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "तिला दोनदा तरास कशाला देतोस? नीट मार." मग नीट बसलं.

ह्यांनीच मला सायकलवर डबल सीट घेऊन त्याच डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी माझं मनगट बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. म्हणाले, "तुमच्या घरात मोरी फार निसरडी दिसते." प्लास्टर घातलं. घरी आल्यावर आत्याबाईंनी मला वरण-भात कालवून भरवला, घास घास. त्यावर तूप होतं.

संध्याकाळी आबा आले. मला वाटलं, आता आबा ह्या घराला आग लावतील. आबांनी माझ्या प्लास्टरकडं बघितलं आणि ओसरीवर सासऱ्यांशेजारी बसले. मग सासरे म्हणाले, "फिटंफाट झाली म्हणायची, पाव्हणं." आबा म्हणाले, "व्हय. सुरुवात आमच्याकडनंच झाली." आणि त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, चवीनं घेतला. माझ्या बापाच्या चहा पिण्याचा तो आवाज माझ्या कानातून जात नाही. आतमध्ये मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, अरे, निदान थंड तरी होऊ द्यायचा होतात!

आणि खरं सांगू? उपाय लागू पडला. दादानं पुढं आयुष्यात तिच्यावर बोट उगारलं नाही. ह्यांनी माझ्यावर तर नाहीच नाही. दोन्ही संसार सुखाचे झाले, पोरंबाळं झाली. गल्लीतल्या बाया आजही नव्या नवऱ्या मुलींना आमची उदाहरणं देतात.

प्रश्न उरला तो सरांचा. पुण्याहून ते काय मनानं येणार, आणि दोघींचे उजवे हात प्लास्टरमध्ये! दोघी एकदम मोरीत पडल्या असं कसं सांगायचं? मार्गही आबांनीच काढला. इतके सामने बघून त्यांना खेळ थोडाफार कळायला लागला होता. म्हणाले, "सराव करताना दोघी एका फुलावर धावल्या, जोरात आदळल्या म्हनायचं. व्हतंय की तसं दुहेरीत." मी म्हटलं, "आबा, आमचं न्हाय होत तसं. कधीच झालं न्हाय. दुसरं कायबी सांगा." आबा म्हणाले, "मग खरं सांगू? सर पोलिसात जातील. तुज्या दादाला नेतील, तुज्या नवऱ्याला नेतील. फिरून तुमच्या दोघींवरच यील." ते त्यांचं खरं होतं. खोटं बोलायला आम्ही एवढ्या तयारीच्या, पण हे खोटं जिभेवर येईना.

त्या खोट्याचं पुढं काय झालं तेही सांगते. आमच्या जागी दुसऱ्या गावची जोडी जपानला गेली. हात जुळून आल्यावर आम्ही पुन्हा खेळायला लागलो, पण बोलावणं परत कधी आलं नाही. निवड करणाऱ्यांचं म्हणे ठरलं होतं की ह्या दोघींचं कोर्टावर आपसात जमत नाही.

सर आले त्या सकाळी आबा आणि सासरे आम्हाला टांग्यातून हॉलवर घेऊन गेले. दोघं बाप दाराशी उभे राहिले आणि आम्ही आत गेलो. सर आमची कागदपत्रं पिशवीतून काढत होते. त्यांनी वर बघितलं. आधी तिचा हात, मग माझा. आबांनी दारातूनच सगळं सांगून टाकलं, घोकून आल्यासारखं. सर आबांकडं बघतच नव्हते. ते आमच्याकडं बघत होते. मला वाटलं, ह्या माणसाला आपण पोरवयापासून ठाऊक आहोत, हा म्हणेल, "खोटं आहे हे. माझ्या ह्या दोघी एका फुलावर जाणार नाहीत." एवढंच म्हणाले असते तरी पुरलं असतं मला जन्मभर.

सर म्हणाले, "फूल कुणाचं होतं?"

मला तिला वाचवायचं होतं, तिला मला. आम्ही दोघी एकदम म्हणालो, "माझं."

सरांनी कागदपत्रं परत पिशवीत घातली, आमच्याकडं पाठ केली आणि आतल्या खोलीत निघून गेले.